किती धरायचे

फेब्रुवारीत काटोलकडचे एक आजोबा आमच्या फिजिओथेरपी विभागात उपचाराला यायचे. डाव्या अंगावरून वारे गेलेले, हात पोटाशी आखडलेला, पायात मात्र बऱ्यापैकी ताकद परतलेली. त्या दिवशी पॅरलल बारमध्ये, म्हणजे धरून चालायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, त्यांना चालवण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांच्या कमरेला जाड कापडी पट्टा, त्या पट्ट्यात तळवा वरच्या बाजूला ठेवून घातलेला माझा एक हात, दुसरा हात त्यांच्या छातीपुढे न टेकवता तयार ठेवलेला आणि सगळे लक्ष त्यांच्या डाव्या गुडघ्यावर, अशा पवित्र्यात आम्ही दोघे या टोकाकडून त्या टोकाला गेलो. वळताना ते थांबले, उजव्या हाताने दांडी घट्ट धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सोड न व माय आता, किती धरशीन?” आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. त्यांच्या कागदावर आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी ‘मध्यम मदत’ असे लिहिलेले होते आणि तो शेरा बदलण्याचा अधिकार मला नाही. “मॅडमना विचारते आजोबा, तोवर एक फेरी अशीच मारू,” असे मी म्हणाले, त्यांनी मान हलवली आणि आम्ही परत निघालो. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला. सीताबर्डीला मेट्रो बदलताना जिन्यावर एका बाईंनी आपल्या वयस्क आईचा दंड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, तिकडे बघतानाही माझ्या मनात तेच चालले होते.

मी फिजिओथेरपी सहायकाचे शिक्षण घेते आहे. बरीच वर्षे इतवारीतल्या एका दुकानात हिशेब लिहिल्यानंतर, ज्या वयात मैत्रिणी मुलांच्या दहावीच्या चिंतेत आहेत त्या वयात, मी हाडांची आणि स्नायूंची नावे पाठ करायला बसले. या शिक्षणात आपल्याला धरायला शिकवतील, अशी माझी समजूत होती: पडणाऱ्याला कसे सावरायचे, खाटेवरच्याला कसे बसवायचे, बसलेल्याला कसे उभे करायचे. ते शिकवतातच. परंतु पहिल्या काही महिन्यांतच ध्यानात आले की धरण्याच्या प्रत्येक पद्धतीला जोडून सोडण्याची एक पद्धत आहे, आणि खरी परीक्षा तिची आहे.

मदतीचे मोजमाप असते, हे मला ठाऊक नव्हते.

आमच्याकडे रुग्णाच्या नोंदीत ‘रुग्णाला धरून चालवले’ असे लिहून चालत नाही. किती धरले, ते लिहावे लागते, आणि ते मोजायचे असते रुग्णाच्या बाजूने. उठण्याच्या किंवा चालण्याच्या कामातला 25 टक्क्यांहून कमी भार रुग्णाने उचलला, तर ती पूर्ण मदत. त्याने 25 ते 49 टक्के काम केले तर अधिकतम मदत, 50 ते 74 टक्के केले तर मध्यम, आणि 75 टक्के किंवा त्याहून जास्त केले तर किमान मदत. त्याच्या पुढच्या पायऱ्या मला अधिक सुंदर वाटतात. हात अंगाला नुसता लागलेला असतो, जोर मात्र अजिबात लावलेला नसतो, ही एक पायरी. हातही लावायचा नाही, फक्त हाताच्या अंतरावर उभे राहायचे, ही तिच्यानंतरची. आणि शेवटी रुग्ण एकटा, आपण खोलीत नसलो तरी चालते. मी काय केले याची नोंद त्या कागदावर होत नाही, त्या माणसाने स्वतः किती केले याची होते. ज्या दिवशी हे नीट समजले त्या दिवशी मी वहीतले ते पान पुन्हा पुन्हा वाचले. आयुष्यभर आपण आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांची थोरवी ऐकत आलेलो असतो. इथे उशाशी बसलेल्याला उठून थोडे दूर व्हायला सांगितले जात होते.

खुर्चीतून उठणे ही साधी क्रिया घ्या. घरोघरी काय होते, तर नातेवाईक समोर उभे राहतात, रुग्णाचे दोन्ही हात धरतात आणि वर ओढतात. रुग्ण मागे रेलतो, ओढणारा आणखी जोर लावतो, दोघेही घामाघूम होतात आणि शेवटी ‘यांच्यात काही जीवच उरला नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात माणूस सरळ वर उठतच नाही, तो आधी पुढे जातो. आपण स्वतः उठताना काय करतो ते एकदा सावकाश करून पाहावे: पावले मागे सरकतात, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे येतात, धड पुढे झुकते, नाक पायाच्या बोटांच्या वर येते, आणि मग बूड आपोआप हलके होऊन सुटते. मॅडमनी आम्हाला हे शिकवले तेव्हा एकीला खुर्चीत बसवून तिच्या कपाळावर एकच बोट टेकवले आणि म्हणाल्या, आता ऊठ. तिला उठता आले नाही. चांगली धडधाकट मुलगी, पण डोके पुढे आणता येईना म्हणून जागची हलेना. म्हणून रुग्णाला उठवताना आम्ही त्याच्या दुबळ्या बाजूला बसतो किंवा उभे राहतो, आपल्या गुडघ्याने त्याच्या दुबळ्या गुडघ्याला आडोसा देतो, हात पाठीमागून खांद्याच्या फऱ्यावर किंवा कमरेच्या पट्ट्यावर ठेवतो, आणि ‘पुढे या, अजून पुढे, माझ्या खांद्यापलीकडे बघा’ असे म्हणतो. वर येण्याचे काम त्याचे. ओढण्यात आणखी एक मोठा धोका असतो. वारे गेलेल्या बाजूचे खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, हात नुसता लोंबकळत असतो, आणि तो हात धरून ओढले की खांद्याचा सांधा खोबणीतून खाली सरकतो. पुढे पाय सुधारतो, माणूस चालायलाही लागतो, पण खांदा दुखायचा थांबत नाही. आणि तो बहुतेक वेळा जीव लावणाऱ्या माणसाने ओढलेला असतो.

विभागात येणारी माणसे कुठून कुठून येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली तर आहेतच, पलीकडून छिंदवाडा, सिवनी, बालाघाटचीही येतात. पहाटेची एसटी पकडून, डबा बांधून, रुग्णाला दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलून आणलेले असते. मेडिकल चौकात, धंतोलीच्या गल्ल्यांत, रामदासपेठेत अशी कुटुंबे पिशव्या सांभाळत फुटपाथवर बसलेली आपण नागपूरकर रोजच बघतो, आणि इतके रोज बघतो की नजर त्यांच्यावर थांबत नाही. आता माझी थांबते. सून सासऱ्यांच्या तोंडाला पाण्याची बाटली लावते, मुलगा त्यांच्या पायात चप्पल सरकवतो, नात दुपट्ट्याने वारा घालते. त्या माणसाचा उजवा हात चांगला असतो. तो मांडीवर ठेवलेला असतो आणि त्याला करायला काहीच उरलेले नसते.

हे मी आधी पाहिलेले आहे. महालातल्या आमच्या जुन्या घरी आजी कित्येक वर्षे खाटेवर होती. मी प्राथमिक शाळेत असताना तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. डॉक्टर येऊन गेले, गोळ्या सुरू झाल्या, वैद्यांचे तेल आले, आणि त्यानंतर तिचे सगळे काकूने आपल्या अंगावर घेतले. सकाळी अंग पुसणे, वेणी घालणे, भाताचा घास कालवून भरवणे, कूस बदलणे, रात्री उठून चादर बदलणे. काकू तेव्हा तिशीची असेल. आजीच्या उजव्या हाताची बोटे हळूहळू तळव्यात मिटत गेली, नखे रुतू नयेत म्हणून काकू तिथे कापसाची सुरळी ठेवायची. जड पांघरुणाखाली पावले खाली झुकली ती तशीच राहिली. डावा हात चांगला होता. मला आठवते, आजी त्या हाताने दुधाची वाटी उचलू पाहायची आणि काकू धावत यायची, “राहू द्या आई, सांडेल, मी आहे न.” वाटी परत खाली जायची. काही वर्षांनी तो हातही वाटीकडे जाईनासा झाला. आजीच्या पाठीला शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही, आणि दर दोन तासांनी कूस बदलत राहणे म्हणजे काय असते हे आज शिकताना मला काकूपुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. भावकीत आजही काकूचे नाव त्या सेवेसाठी घेतात. ते घ्यायलाच हवे.

आणि तरीही, तो डावा हात.

वर्गात एडवर्ड टॉब या अमेरिकी संशोधकाच्या कामाविषयी ऐकले तेव्हा मला आधी ती वाटी दिसली. टॉब यांनी माकडांवर काम केले. एका हाताची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा कापल्या की माकड तो हात वापरणे सोडून देते, जरी स्नायूंना आज्ञा पोचवणाऱ्या नसा शाबूत असल्या तरी. पण चांगला हात बांधून ठेवला, तर तेच माकड सोडून दिलेल्या हाताने खाणे उचलू लागते. म्हणजे हात गेलेला नसतो, तो न वापरण्याची सवय लागलेली असते. सुरुवातीला त्या हाताने प्रयत्न केला की फसतो, दुसऱ्या हाताने भागते, आणि मेंदू तो धडा पक्का करतो. याच विचारावरून माणसांसाठी उपचार तयार झाला. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा आणि दुबळ्या हाताकडून रोजची कामे करवून घ्यायची. 2006 साली अमेरिकेत त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मेंदूचा झटका येऊन, म्हणजे वारे जाऊन, तीन ते नऊ महिने झालेले 222 रुग्ण तीत होते, आणि ज्यांना हा उपचार मिळाला त्यांनी दोन आठवडे, जागेपणीचा 90 टक्के वेळ तो मोजा हातावर ठेवायचा, असे ठरलेले होते. त्यांच्या हाताचा वापर नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपेक्षा अधिक सुधारला. हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येत असतील तरच तो करता येतो, आणि कोणाला करायचा हे फिजिओथेरपिस्टने ठरवायचे असते. आजीच्या उजव्या हाताला त्याचा काही उपयोग झाला असता असे मी म्हणत नाही. माझे मन अडते ते तिच्या डाव्या हातापाशी. त्याला काहीच झालेले नव्हते. त्याला फक्त कोणी काम दिले नाही.

हाताने पाहायला शिकणे हा या शिक्षणाचा मला सर्वांत प्रिय भाग आहे. स्नायूची ताकद आम्ही शून्य ते पाच अशी मोजतो. पाच म्हणजे पूर्ण ताकद, चार म्हणजे समोरच्याने लावलेला थोडा जोर पेलणारी, तीन म्हणजे स्वतःच्या अवयवाचे वजन उचलण्यापुरती, दोन म्हणजे वजन काढून घेतले तर हलण्यापुरती. शून्य म्हणजे काहीच नाही. पण शून्याच्या आणि दोनच्या मध्ये जो एक आहे तो डोळ्यांना बहुधा दिसतच नाही. अवयव हलत नाही. रुग्णाला प्रयत्न करायला सांगून स्नायूवर किंवा त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेवर बोटे ठेवावी लागतात आणि वाट पाहावी लागते. पहिल्यांदा मला तो एका बाईंच्या मांडीवर, गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर लागला. विणायला बसलेले आमचे कोष्टी आजोबा, म्हणजे आईचे वडील, मागावरच्या ताण्यावर उलटा हात फिरवून कुठला धागा सैल आहे ते न बघता सांगायचे, त्या हाताची मला त्या क्षणी आठवण झाली. बोटांखाली काहीतरी उमटले आणि विझले. मी मॅडमकडे पाहिले, त्यांनी माझ्या बोटांशेजारी आपली बोटे ठेवली, बाईंना पुन्हा प्रयत्न करायला लावला आणि कागदावर ‘एक’ लिहिले. शून्य खोडून एक. त्या बाईंना काही कळले नव्हते. मॅडमनी त्यांना सांगितले की स्नायू उत्तर देतो आहे, तेव्हा त्यांनी आपल्या मांडीकडे बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, “पुन्हा करू?”

कोन मोजण्याची गोष्ट याहून कोरडी, पण तिच्यातही माणसे दिसतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा शोधून तिथे गोनिओमीटरचा, म्हणजे कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाचा, मध्य ठेवायचा, एक पट्टी खुब्याच्या हाडाच्या रोखाने, दुसरी घोट्याच्या रोखाने. सपाटीवर चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकला तरी भागते. खुर्चीतून उठायला नव्वदच्या पुढे जावे लागते. उकिडवे बसायला मात्र तो जवळपास पूर्ण मिटावा लागतो, आणि आपल्याकडच्या माणसाला चूल, न्हाणी, देवघर, निंदण, सगळीकडे उकिडवे नाहीतर मांडी घालून बसायचे असते. ‘नव्वद झाले, छान’ असे म्हटले की बायका विचारतात, “पण खाली बसता येईन का?” हा प्रश्न पुस्तकातल्या तक्त्यात नाही, आणि तो ऐकून कागदावर उतरवणे हेही माझ्या कामाचा भाग आहे असे मी मानते.

लोकांची मागणी मात्र वेगळी असते. ‘शेक द्या’, ‘करंट लावा’, ‘कालच्या बाईंनी लाइट जास्त वेळ दिला होता.’ बाहेर 45 अंशांचे ऊन, खिडकीत कूलर, त्याच्या खसच्या वासात मिसळलेला वितळलेल्या मेणाचा वास, आणि त्या मेणाच्या भांड्याचे तापमान 52 ते 54 अंशांवर ठेवण्याची माझी धडपड. मेण हातावर पहिल्यांदा ओतले की रुग्ण दचकतो, थर चढत गेले की त्याचा चेहरा सैल होतो. शेकाने बरे वाटते, आखडलेली बोटे उघडायला सोपी जातात, आणि वेदना घेऊन आलेल्याला बरे वाटणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण शेक ही व्यायामाची पूर्वतयारी आहे. मेण काढल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे मोलाची असतात आणि नेमकी तेव्हाच माणसे पिशवी उचलून घरी निघतात, कारण यंत्र लावून झाले म्हणजे उपचार झाला, अशी समजूत घट्ट बसलेली आहे. यंत्रासमोर नुसते पडून राहता येते. व्यायाम स्वतः करावा लागतो, तो दुखतो, आणि आपल्या माणसाला दुखताना पाहणे घरच्यांना सोसत नाही. त्यांचे हात पुढे येतात ते तिथेच.

या सगळ्यावरून सोडणे नेहमीच बरे, असे कोणी समजू नये. गडचिरोलीकडचा एक मुलगा आमच्याकडे येतो. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. विदर्भात या आजाराची घरे किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. रक्तपुरवठा खुंटून त्याच्या खुब्याच्या हाडाचा गोल भाग झिजत चालला आहे. त्याला धावायचे आहे, पाय टेकवायचा आहे, आणि आम्हाला त्याला थांबवायचे आहे. डॉक्टरांनी त्या पायावर भार द्यायचा नाही असे सांगितले आहे, म्हणून कुबड्या. कुबडीचा वरचा भाग आणि काख यांच्यात दोन-तीन बोटांचे अंतर, कोपर किंचित वाकलेले, वजन तळहातांवर घ्यायचे, काखेवर नाही, नाहीतर तिथल्या नसा दबून हाताला मुंग्या येतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. हे सगळे त्याला दोन दिवसांत आले. त्याला कठीण जाते ते सावकाश जाणे. त्या मुलाजवळ मी हात आखडता घेत नाही. त्याच्या पट्ट्यात माझा हात घट्ट असतो.

म्हणूनच कोणाला किती धरायचे हे माझ्या मनावर नाही, हे मला योग्य वाटते. आमच्या कामाला सहायकाचे काम म्हणतात आणि काही जण ते अर्धवट शिकलेल्याचे काम समजतात. अमेरिकेत 1967 साली तिथल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने या कामाला रीतसर जागा करून दिली, 1969 मध्ये पहिल्या तुकड्या शिकून बाहेर पडल्या, आणि आज तिथे दोन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा झाल्याशिवाय हे काम करता येत नाही. तिथेही रेघ स्वच्छ आखलेली आहे: तपासणी, निदान आणि उपचाराची योजना फिजिओथेरपिस्टची, ती योजना रुग्णाकडून करवून घेणे सहायकाचे. आपल्याकडे 2021 साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्यात अशा शिक्षणासाठी किमान 2000 तास, दोन ते चार वर्षांत, असे बंधन घातले. मला हे आकडे पाठ आहेत, कारण काही महिन्यांत कोणालाही ‘फिजिओ’ बनवून देणाऱ्या पाट्या मी शहरात पाहते आणि ओढलेले खांदे आठवतात. पण रेघेच्या अलीकडे उभे राहणाऱ्याकडेही एक गोष्ट असते जी पलीकडे नसते. रुग्णाच्या अंगाला माझा हात जास्त वेळ लागलेला असतो. पट्ट्यावरचा ताण आज कमी झाला, हे मला आधी कळते. ते सांगायचे की नाही हा प्रश्नच येत नाही. सांगणे हेच काम आहे.

आजोबांच्या बाबतीत मी त्याच दुपारी ते सांगितले. परतीच्या फेरीत मी पट्ट्याकडे नीट लक्ष दिले होते आणि वळण सोडले तर माझ्या हातावर फारसा भार येत नव्हता. मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्वतः चालवून पाहिले, वळताना आजोबांचा डावा पाय मागे राहतो हे दाखवले, आणि शेरा ‘किमान मदत’ असा बदलला. नंतर पॅरलल बार सुटले आणि हातात काठी आली, उजव्या हातात. मॅडमनी विचारले की घरी गेल्यावर आधी कुठे जाणार, तर ते म्हणाले, बगीच्यात. मृग बहाराची तोडणी चालू होती आणि संत्री दुसऱ्याच्या भरवशावर होती. तेव्हा योजनेत ढेकळांची जमीन आली. आम्ही मागच्या अंगणात विटांचे तुकडे आणि माती पसरून त्यांना तिथे चालवले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्यापासून एका हाताच्या अंतरावर चालत होते, माझे हात मोकळे होते, आणि ते मोकळे ठेवणे मला धरण्यापेक्षा जड जात होते. एकदा ते झोकांडले. मी पुढे झाले, पण त्यांची काठी माझ्या आधी पोचली होती.

काकूचा गुडघा मागच्या वर्षी शस्त्रक्रियेने बदलला. मुलांनी प्रेमाने तिच्या गुडघ्याखाली मऊ उशी दिली होती, ती मी काढली. उशीने तात्पुरते बरे वाटते आणि गुडघा वाकलेलाच राहायची खोड लागते. त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली. तिच्या फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम मी रविवारी महालात जाऊन करवून घेते. एका रविवारी पाय उचलता उचलता तिने विचारले, “आईंना तेव्हा असं करवलं असतं तर त्या उठल्या असत्या का गं?” हा प्रश्न येणार हे मला माहीत होते आणि त्याचे गोड उत्तर मी तयार केले नव्हते. मी तिला जे शिकले ते सांगितले. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शरीर सर्वांत जास्त परत देते. आजीला किती परत मिळाले असते ते आज कोणीही सांगू शकत नाही. डाव्या हाताने ती जेवू शकली असती, असे मला वाटते. आणि तेव्हा हे सांगायला आपल्या घरी कोणी आलेच नाही. काकूने पाय खाली ठेवला. “पाठीला जखम नव्हती होऊ दिली मी,” ती म्हणाली. मी म्हणाले, “नव्हती. मी आजही वर्गात ते सांगते.” मग तिने उरलेले पाय उचलणे पूर्ण केले आणि शेजारच्या घरचा विषय काढला. तिथल्या आजोबांना महिन्यापूर्वी झटका आला आहे, सून एकटी सगळे करते आहे, तू जाऊन बघ.

आम्ही दोघी गेलो, काकू वॉकरवर. मी आधी विचारले की फिजिओथेरपिस्टने तपासले आहे का आणि गिळायला त्रास होतो का. तपासले होते, त्रास नव्हता, व्यायामाचा कागद देव्हाऱ्याच्या शेजारी टाचणीने लावलेला होता. कागदावरचेच मी करून दाखवले. सून आजोबांचा हात धरून उठवायला गेली तर माझ्या आधी काकूच बोलली, “हात नको ओढू बाई, पुढे वाकू दे त्यांना.” सुनेने वही आणली आणि एक प्रश्न विचारला: घास कालवून द्यायचा, की तेही त्यांनीच करायचे? मी सांगितले, वरण-भात तुम्ही कालवा, पण चमचा त्यांच्या हातात द्या. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करा, काठ असलेले ताट घ्या, ताटाखाली ओले फडके ठेवा म्हणजे ते सरकणार नाही. दुबळा हात मांडीवर नको, ताटाशेजारी ठेवा. पंधरा दिवसांनी कालवणेही त्यांच्याकडे द्या. “सांडतील,” ती म्हणाली. सांडतील, म्हणून खाली वर्तमानपत्र पसरा आणि जेवणाला पाऊण तास धरून चाला.